खुशालीची बासष्ट पत्रं

४ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

काल केंद्राचं छापील कार्ड आलं. ‘सदर इसम सुखरूप दाखल झाला आहे’, आणि खाली तुझी सही. सदर इसम! मी कार्ड हातात धरून जिन्यातच बसले. वरच्या मजल्यावरच्या म्हातारीने घाबरून विचारलं, काय झालं, कोण गेलं? म्हटलं, गेलं नाही हो, आलं. माझा धाकटा भाऊ आला. अकरा वर्षांनी जीव भांड्यात पडला.

आता लाड पुरे, कामाचं ऐक. आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत तुला केंद्राबाहेर सोडणार नाहीत, आणि आम्हाला आत येऊ देणार नाहीत. फोन आठवड्याला दहा मिनिटं, तोही वकिलासाठी. तेव्हा पत्रं लिहायची. आपल्याला त्यात नवीन काय आहे?

मी इकडे हातावर हात ठेवून बसलेली नाही. परवा सुट्टी टाकून स्थलांतर कार्यालयात गेले. पूर्वी भावाला बहिणीकडे सहज राहू द्यायचे. नव्या नियमात भाऊ-बहीण ‘जवळचे नातेवाईक’ धरतच नाहीत. नवराबायको आणि लहान मुलं, झालं कुटुंब! पण त्यात एक फट ठेवलीय. दहा वर्षं नातं अखंड राखल्याचं कागदावर दाखवलं तर धरतात, आणि मग निकालापर्यंत तुला माझ्याकडे राहता येतं. खिडकीतल्या माणसाने विचारलं, काही पुरावा आहे का? म्हटलं, आहे का म्हणजे काय! तुझी बासष्टच्या बासष्ट पत्रं मी तारीखवार लावून बुटांच्या खोक्यात ठेवली होती. आख्खं खोकं उचलून नेलं. तो म्हणाला, एवढी पत्रं आजवर कुणी आणली नव्हती. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

बाबा दीड वर्ष आणखी थांबायला हवे होते रे. पण झोपेत गेले, हाल झाले नाहीत, एवढंच समाधान.

नीट जेव. मुलाखतीत आगाऊपणा करू नकोस.

तुझी,
ताई


१५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. पहिल्याच ओळीत ठोंब्या वाचलं आणि खात्री पटली की योग्य देशात आलोय.

हे केंद्र म्हणजे पूर्वीचं गोदाम आहे. जमिनीवर पिवळे पट्टे मारलेत, त्यावर माल ठेवायचे, आता खाटा ठेवल्यात. माझा नंबर एकशे चौदा. शेजारच्या खाटेवर एक न्हावी आहे. त्याला कात्री बाळगायची परवानगी नाही, म्हणून तो दिवसभर सगळ्यांच्या डोक्यांकडे नुसता बघतो. माझ्याकडे बघून म्हणाला, तुमच्याकडे आता फारसं काम उरलेलं नाही. केस गेलेत माझे, ताई. भेटलीस की हसू नकोस.

तुझी पत्रं माझ्याजवळ होती. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सदऱ्याच्या आत बांधली होती. वाटेत बूट गेले, घड्याळ गेलं, पत्रं कोरडी राहिली. इथे आल्याबरोबर विचारलं, या देशात नातेवाईक असल्याचा पुरावा? मीही सगळी काढून दिली. आपण दोघं एकाच आईबापाची, हे यातून तरी नक्की सिद्ध होईल.

एक विचारायचं होतं. तू माझी झाडून सगळी पत्रं दिलीस? दोन-चार बाजूला काढून ठेवली नाहीस? सहज विचारतो. मुलाखत बावीस तारखेला आहे.

तुझ्या दोन खोल्यांच्या घरातली ती बागेकडची खोली मला दे. फार दिवसांत झाड नीट बघितलेलं नाही.

तुझा,
सदर इसम


१ मार्च

प्रिय ठोंब्या,

मुलाखत होऊन आठवडा झाला आणि तुझं अवाक्षर नाही. मी मात्र आज जरा वेगळंच लिहिणार आहे. बसून वाच.

काल घर बघायला निरीक्षक आला होता. नातेवाइकाकडे राहायला पाठवायचं तर माणशी किती जागा, ते मोजतात. त्याने टेप काढून भिंती मोजल्या, खिडकी मोजली, कपाट उघडून बघितलं. मोजायला फार वेळ लागला नाही. एकच खोली आहे, ठोंब्या. तीही माझी एकटीची नाही. कपडे शिवणारी एक बाई आणि मी मिळून राहतो. मध्ये पडदा आहे. तिचं मशीन खिडकीशी, माझी खाट दाराशी. बाग नाही. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते आणि तिच्यावर एक पाइप.

आणि मी इस्पितळाच्या धुलाई विभागात पर्यवेक्षक नाही. चादरींना इस्त्री करते. आठ तास उभं राहून. एकदा पर्यवेक्षक रजेवर होती तेव्हा तीन दिवस मला तिची चावी दिली होती. ते मी तुम्हाला लिहिलं, बाबांचं उलट उत्तर आलं की सगळ्या गल्लीत सांगितलं, आणि मग ती चावी परत केल्याचं लिहायचं राहूनच गेलं. खोल्यांचंही तसंच. आधी लिहिलं, घेणार आहे. मग कसं कोण जाणे, घेतली असं लिहून बसले.

निरीक्षकाच्या हातात माझ्याच पत्रांचं भाषांतर होतं. त्याने विचारलं, दुसरी खोली कुठे आहे? मी म्हटलं, ती पत्रात आहे. तो हसला नाही. शिवणवाली मात्र पडद्याआड फस्सकन हसली, आणि मग माझ्याआधी तीच रडायला लागली.

मला तोंड दाखवायला जागा नाही. रागाव, पण पत्र टाक.

ताई


१२ मार्च

प्रिय ताई, म्हणजे माजी पर्यवेक्षक बाई,

रागावलो नाही. रागावायला मी कोण, ते पुढे वाचशीलच.

मुलाखत घेणाऱ्या बाई सभ्य होत्या. त्यांना सर्दी झाली होती, तरी सहा तास बसल्या. मी सांगितलं ते तुलाही आता सांगतो, कारण यातलं काहीही तुला ठाऊक नाही. माझ्यासारख्या विजेचं मीटर वाचणाऱ्याला घरातली माणसं न बघताही कळतात. चौघांच्या घरात दहा माणसांची वीज जळायला लागली की पहिल्यांदा आम्हाला दिसतं. तिकडे लोक लपायला लागले तेव्हा हे वरच्यांच्या लक्षात आलं. जास्त वीज जाणाऱ्या घरांची यादी मागितली. मी रिकाम्या घरांची यादी दिली. दोन महिन्यांत पकडलं गेलं, आणि मला एकोणीस दिवस कोठडीत ठेवलं.

बाईंनी सगळं उतरवून घेतलं. मग फाइलमधून एक कागद काढला आणि शांतपणे वाचायला लागल्या. ‘इकडे सगळं उत्तम आहे. मला बढती मिळाली. आता उन्हातान्हात फिरणं नाही, कार्यालयातच बसायचं. बाबा ठणठणीत आहेत.’ पत्र नंबर एक्केचाळीस. तारीख कोठडीतल्या अकराव्या दिवसाची.

ताई, ते पत्र मी लिहिलेलंच नाही. दर दोन महिन्यांनी तुला पत्र जायचं. ते चुकलं तर तू घाबरशील, म्हणून बाबांनी माझं अक्षर काढून स्वतःच लिहिलं. मी तसं सांगितलं. बाईंनी नोंद केली की मग त्या काळात भावाबहिणीचा संपर्क अखंड नव्हता.

मी समजावायचा खूप प्रयत्न केला. म्हटलं, आमच्या घरची पद्धत आहे. लांबच्या माणसाला वाईट कळवायचं नाही. बाबा म्हणायचे, तिला सांगून ती काय करणार? नुसतं तिचं जेवण जाईल. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, आमचा नियम असा आहे की अर्ज करायचं मनात नसताना माणूस जे लिहितो, ते सर्वांत विश्वासाचं. कारण तेव्हा त्याला खोटं बोलायचं कारण नसतं. बासष्ट पत्रांत तुम्ही एकदाही भीती वाटते असं लिहिलेलं नाही.

नियम वाईट नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तोच केला असता. त्यांना फक्त आपलं घर माहीत नव्हतं.

निघताना त्यांनी विचारलं, तुमची बहीणही असंच लिहिते का? तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, छे, ती अगदी खरं लिहिते. तिचं दोन खोल्यांचं घर आहे.

तुझा,
ठोंब्या


२ एप्रिल

ठोंब्या,

अर्ज फेटाळल्याचा कागद मला आला. नातेवाईक म्हणून मला प्रत पाठवतात, आणि सोबत तुझा पूर्ण जबाब जोडतात. सव्वीस पानं. मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत, चादरींच्या गाड्यांमध्ये उभी राहून वाचला.

पान एकोणीस, परिच्छेद चार. ‘अर्जदाराला पुन्हा चौकीत बोलावण्यात आले तेव्हा तो घरी नसल्याने त्याच्या वडिलांनी स्वतः चौकीत जाऊन मुलगा परगावी गेल्याचे सांगितले. त्यांना तीन दिवस ठेवून घेण्यात आले. घरी आणल्यानंतर आठव्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला.’

झोपेत गेले असं लिहिलं होतंस. रात्री दूध प्यायले, तुझी आठवण काढली आणि झोपेतच गेले. ते दूधसुद्धा खोटं होतं का रे?

मी दीड वर्ष सगळ्यांना सांगत होते की माझे वडील किती पुण्यवान, बघा कसं सुखाचं मरण आलं. धुलाईतल्या सगळ्या बायकांना सांगितलं. आणि ज्या बाईला सर्दी झाली होती, तिला माझ्याआधी माझ्या बापाचं मरण माहीत होतं.

पर्यवेक्षक मला घरी जा म्हणाली. मी गेले नाही. घरी जाऊन त्या पाइपाकडे बघण्यापेक्षा चादरी बऱ्या.

आता कामाचं. फुकट काम करणाऱ्या एक वकीलबाई मिळाल्यात. अपील दाखल झालंय. सुनावणी वीस मेला, आणि मला साक्षीला बोलावलंय. वकीलबाई म्हणतात, सगळं पत्रांवर अडलंय. ती पत्रं कुणाच्या डोळ्यांसाठी लिहिली होती? माझ्या. मग मी सांगायचं की मला ती कधीच खरी वाटली नव्हती. आमच्यात तसंच लिहितात, हे मला पहिल्यापासून कळत होतं. वाचणाऱ्याला जे खोटं आहे हे ठाऊक होतं, ते पुरावा धरता येत नाही.

मला सगळं लिही. आता तरी काही ठेवू नकोस.

ताई


१४ एप्रिल

प्रिय ताई,

दूध खरं होतं. आठव्या दिवशी संध्याकाळी अर्धी वाटी प्यायले. मी चमच्याने पाजलं, कारण हात उचलता येत नव्हता. तुझी आठवणही काढली. म्हणाले, तिला कळवायची घाई करू नकोस, आणि कळवशील तेव्हा नीट कळव. मी नीट कळवलं.

मी त्या दिवशी मित्राकडे होतो. दोन गल्ल्या पलीकडे. चौकीत जायला मी निघालो होतो, पण मित्राने दाराला बाहेरून कडी घातली. तिसऱ्या दिवशी उघडली तेव्हा बाबा घरी आले होते. मी आतून दारावर किती जोर लावला होता, ते रोज आठवतो. दार जुनं होतं, ताई. मनापासून ढकललं असतं तर उघडलं असतं असं वाटतं.

हे मी जबाबात सांगितलेलं नाही. त्यांच्या प्रश्नांत ते बसत नव्हतं.

साक्षीचं तू जास्त मनाला लावून घेऊ नकोस. वकीलबाई मलाही फोनवर हेच म्हणाल्या. तुझ्या एका ‘नाही’वर सगळं आहे. ‘नाही, मी विश्वास ठेवला नव्हता.’ एवढंच म्हणायचं. पण तुला जमणार नसेल तर नको म्हणूस. आता पुन्हा माझ्यासाठी कुणी काही खोटं बोलावं असं मला वाटत नाही.

न्हाव्याचा अर्ज मंजूर झाला. जाताना त्याने पहारेकऱ्याकडून कात्री मागून घेतली आणि माझे उरलेले केस कापले. म्हणाला, बहिणीसमोर जरा माणसात दिसाल.

तुझा,
ठोंब्या


२९ मे

ठोंब्या,

निकाल तुला मिळालाच असेल. अपील नामंजूर. ज्या देशाशी यांचा करार आहे तिकडे तुला पाठवणार, आणि तिथे अर्ज पहिल्यापासून. तो देश नकाशात कुठे आहे ते मी शिवणवालीला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं.

नऊ दिवस मी हे पत्र लिहितेय आणि फाडतेय. आज पाठवते.

सुनावणीत तुला बघितलं. अकरा वर्षांनी समोर बसलास, मध्ये टेबल, आणि सुरुवातीलाच ताकीद की हात लावायचा नाही. न्हाव्याने बरे कापले होते केस. बाबांसारखा दिसायला लागलायस. वकीलबाईंनी मला काय बोलायचं ते आठ वेळा पढवलं होतं. आणि सरकारी वकिलाने विचारलं, भावाची पत्रं वाचून त्यावर तुमचा विश्वास बसायचा का? मी म्हणाले, हो. शब्दन् शब्द खरा वाटायचा.

तुला वाटलं असेल, ताईला खोटं बोलता आलं नाही. वकीलबाईंनाही तसंच वाटलं. जिन्यात माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, तुम्ही फार प्रामाणिक आहात.

ठोंब्या, मी खोटं बोलले. माझा विश्वास कधीच नव्हता.

एक्केचाळिसावं पत्र उघडताच मला बाबांचं अक्षर ओळखू आलं. लहानपणी माझ्या वह्या-पुस्तकांवर नावं त्यांनीच घातलीयत. मला कळलं की तू घरात नाहीस. त्याच महिन्यात इथल्या वर्तमानपत्रात आलं होतं की आपलं शहर तीन आठवडे अंधारात आहे. अंधाऱ्या शहरात मीटर वाचणाऱ्याला बढती कोण देतं? मी ते पान घडी करून ठेवलं, आणि उत्तरात लिहिलं, बढतीबद्दल अभिनंदन.

मग ‘नाही’ का म्हणाले नाही? कारण त्यानंतरचा प्रश्न मला माहीत होता. वकीलबाईंना तो सुचला नव्हता, मला सुचला होता. तुम्हाला कळत होतं, तर त्यांना आणण्याचा अर्ज का केला नाहीत?

मला इथले कागद मिळाले तेव्हा नियम सैल होता. वडील आणि अविवाहित भाऊ, दोघांनाही आणता यायचं. जवळजवळ चार वर्षं तसं होतं. एक्केचाळिसावं पत्र आलं तेव्हाही आणखी सात महिने होते. मग सरकार बदललं आणि ते बंद झालं. तो फॉर्म माझ्याकडे होता. बाबांच्या जन्मतारखेपर्यंत भरून ठेवला होता. दोन खोल्या लागतील म्हणून थांबले, असं मी स्वतःला सांगायची. पण शिवणवाली म्हणाली होती, मी सहा महिने बहिणीकडे जाते, जागा तुझी दाखव. तेव्हाही मी भरला नाही.

कारण सांगते. आई गेल्यावर चौदाव्या वर्षापासून मी तुम्हा दोघांचं घर सांभाळलं. इथे आले आणि पहिल्यांदा संध्याकाळी कामावरून येऊन नुसती बसले. कुणी चहा मागितला नाही. ते बसणं मला सोडवेना. एक वर्ष आणखी बसू, मग भरू, असं करत राहिले. तुमचं पत्र यायचं, ‘सगळं उत्तम आहे’, आणि मी म्हणायची, बघ, उत्तम आहे म्हणतायत ना. मला विश्वास ठेवायची गरज नव्हती. मला ते फक्त लेखी हवं होतं.

तू समोर बसला होतास. तुझ्यादेखत मला हे बोलता येईना. म्हणून ‘हो’ म्हणाले, आणि तुला घालवलं.

क्षमा मागायला माझं तोंड नाही. पण तुला आजवर लिहिलेल्यातलं हे एक पत्र मी काही न लपवता लिहिलंय.

ताई


६ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र काल हाती आलं. गुरुवारी सकाळी आम्हा अकरा जणांना नेणार आहेत. एक पिशवी नेता येते. आपली पत्रं परत मिळतील का विचारलं, तर म्हणाले, ती आता फाइलची आहेत.

तुला दोष देत नाही. तू चौदा वर्षांची असताना मी पाच वर्षांचा होतो, आणि तुझा चहा कुणी कधी केला होता हे मला काल आठवता आलं नाही. फॉर्म भरला असतास तर बाबा आले असते का, तेही सांगता येत नाही. घर सोडायला ते फार कुरकुरले असते. हे मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही. कुरकुरले असतेच.

पण एक गोष्ट तुला सांगितली पाहिजे. तू ‘हो’ म्हणालीस तेव्हा वकीलबाईंनी डोळे मिटले. मलाही कळलं की अर्ज गेला. तरी, ताई, मला आतून इतकं बरं वाटलं की काय सांगू. कोठडीतून सुटलो तेव्हा बाबांनी पहिलं काय सांगितलं असेल? माझ्या पाठीकडे बघत म्हणाले, तिचं पत्र चुकू दिलं नाही हं. ती तिकडे निवांत आहे. आम्ही दोघं मग तुझ्या निवांतपणावरच बोलत बसलो. बाबांच्या शेवटच्या आठ दिवसांतही दुसरा विषय नव्हता. तू ‘शब्दन् शब्द खरा वाटायचा’ म्हणालीस आणि मला वाटलं, झालं, बाबांचं काम झालं. घरातलं एक माणूस तरी अकरा वर्षं सुखाने झोपलं. मला कुठेही पाठवा आता.

तुझं पत्र येईपर्यंत सोळा दिवस मी त्याच्यावर जगत होतो. जेवत होतो, झोपत होतो. शेजारच्यांना सांगत होतो.

तुझं पत्र खरं आहे, आणि तू ते लिहिलंस हे चांगलं केलंस, असं मी उद्यापरवा म्हणू शकेन. आज म्हणवत नाही. तुम्ही दोघी पडदा बाजूला करून खिडकी मोकळी ठेवा, असं शिवणवालीला सांग. निदान उजेड तरी येईल.

तिकडचा पत्ता मला अजून दिलेला नाही. पत्ता मिळाला तरी तुला काय लिहायचं, हे मला समजत नाही, ताई.

तुझा,
धाकटा